टॉर्टिया राहू द्या, मांतेकाचा डबा बघा

शिकागोच्या पिल्सन भागातल्या एका लहानशा दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्यासमोर येऊन बसणारे बहुतेक जण मेक्सिकोतून आलेले. अमेरिकेत नर्सिंग किंवा फार्मसी करणाऱ्या मराठी मुलामुलींचे अधूनमधून फोन येतात, "ताई, या पेशंटना कोलेस्टेरॉल समजावायचं तरी कसं? मान डोलावतात आणि परत येतच नाहीत." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हाक नीट मारा. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' यांत आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोइतकंच अंतर आहे. साठीच्या बाईंना पहिल्याच भेटीत 'तू' म्हणालात तर पुढचं बोलणं तिथेच संपतं. 'सेन्योरा' म्हणा, ओळख वाढली की 'दोन्या' आणि त्यांचं नाव. आणि शाळकरी नातवाला दुभाषा करू नका. "आजीला हार्ट अटॅक येऊ शकतो" हे वाक्य दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून जाऊ नये. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यात फुकट दुभाषा मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, तो मागून घ्या.

मग विचारा, मूळ गाव कुठलं? 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले, हा फॉर्मवरचा शब्द आहे, त्या नावाचा स्वयंपाक कुठेच होत नाही. डोमिनिकन घरात सकाळी मंगू असतं, म्हणजे कुस्करलेली उकडलेली कच्ची केळी, सोबत तळलेलं चीज, सलामी आणि अंडी. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याच्या माणसाला रविवारी कार्नितास हवंच, म्हणजे डुकराच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेलं मांस. दोघांना एकच छापील तक्ता दिलात तर तो दोघांच्याही कचऱ्यात जाणार.

आता रिपोर्ट. मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका बाईंचे आकडे सांगते. एकूण कोलेस्टेरॉल 236, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल 36, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी 280, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल 144. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, "एलडीएल थोडंसंच वाढलंय." कागद उलटा करून मी पाठीमागे एकच वजाबाकी मांडली: 236 वजा 36, म्हणजे 200. नसांत साचू शकणाऱ्या सगळ्या कणांचं कोलेस्टेरॉल या 200 मध्ये येतं. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि ते साधारण 130 च्या आत असावं. ट्रायग्लिसराइड्स चढलेले असताना नुसतं एलडीएल बघितलं तर फसगत होते, म्हणून ही वजाबाकी कधी चुकवू नका. बाईंचं एचडीएल 50 च्या वर हवं होतं, पुरुषांना 40 पुरतं. ट्रायग्लिसराइड्स 150 च्या खाली हवेत. ते 500 च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे आहाराच्या गप्पा मारत न बसता डॉक्टरांना लगेच कळवा. आणि एलडीएल 190 च्या वर दिसलं तर हे घराण्यातून आलेलं असू शकतं, भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करायला सांगा.

एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड्स जास्त, पोटाचा घेर सुटलेला, शेजारी मधुमेह. ही चौकडी आपल्याही घरोघरी दिसते. माझ्या काकांचा रिपोर्ट या बाईंच्या रिपोर्टशेजारी ठेवला तर नाव वाचल्याशिवाय ओळखू येणार नाही.

यानंतर मी विचारते, "फ्रिहोलेस, म्हणजे घेवडा, कशात परतता?" बाई म्हणाल्या, "मांतेकात, दुसऱ्या कशात?" मांतेका म्हणजे डुकराची चरबी. पुढच्या खेपेला त्या डबाच घेऊन आल्या, सोबत त्यांचा रोजचा डाव. आम्ही टेबलावर मोजलं. एक डाव म्हणजे तीन टेबलस्पून. एका टेबलस्पूनमध्ये साधारण 5 ग्रॅम संपृक्त चरबी, आणि दिवसभराची मर्यादा 13 ग्रॅमच्या आसपास. घरात खाणारी माणसं तीन, म्हणजे नुसत्या घेवड्यातून एकेकाच्या वाट्याला 5 ग्रॅम, तेही दिवसातून दोनदा. वर क्रेमा, म्हणजे आंबटसर साय, आणि चीज आहेच. त्या बराच वेळ डावाकडे बघत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "दे ला ओया खाऊ." म्हणजे कांदा-लसूण घालून मडक्यात नुसते शिजवलेले फ्रिहोलेस, त्यांच्या आईच्या हातचे. हे मी सुचवलं नव्हतं. उत्तर पेशंटच्या आईच्या चुलीवर असतं, आपण फक्त विचारायचं. परतायचेच असतील तर कनोलाचं तेल एक चमचा पुरे.

टॉर्टियावर उगीच राग धरू नका. मक्याची टॉर्टिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून थापलेली भाकरी, तिच्यात चरबी घालत नाहीत. मैद्याच्या टॉर्टियात बहुधा घालतात. मक्याच्या दोन-तीन, न तळता, तव्यावर गरम करून. सोबत नोपालेस, म्हणजे काटे काढलेल्या निवडुंगाची भाजी, आणि अवोकाडोच्या फोडी.

ट्रायग्लिसराइड्स चढवणारं खरं दुखणं बऱ्याचदा ग्लासात असतं. 355 मिलीच्या कोलाच्या बाटलीत सुमारे 39 ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास दहा चमचे. ओर्चाता (तांदळाचं गोड पेय) आणि गोड आग्वा फ्रेस्का (फळांचं सरबत) घरचे असले तरी साखर ती साखरच. मी एकच गोष्ट मागते: रोजची एक बाटली बंद. दारूचं मात्र आडवळणाने न विचारता सरळ विचारा.

नाताळच्या तमालेसना, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थाला, मी हात लावत नाही. चरबी फेसूनच ते पीठ हलकं होतं, सगळ्या बायका एकत्र बसून करतात. वर्षातून चार दिवसांनी हृदय बिघडत नाही, रोजच्या डावाने बिघडतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मी ठाम आहे. 2008 ते 2011 या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या 16 हजारांहून अधिक हिस्पॅनिक प्रौढांची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते ठाऊकच नव्हतं आणि औषध घेणारे एक तृतीयांशाहूनही कमी होते. घेणाऱ्यांपैकी मात्र बऱ्याच जणांचं आटोक्यात होतं. म्हणजे औषध कामाचं आहे, ते माणसापर्यंत पोचत नाही. "काही दुखत नाही, मग गोळी कशाला?" असं विचारतात तेव्हा मी सांगते, दुखेपर्यंत थांबलो तर नस बंद झालेली असते. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळीने, एलडीएल 30 ते 50 टक्के खाली येतं आणि जेनेरिक गोळी स्वस्त मिळते. पैशांची अडचण असेल तर उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत, तिथला पत्ता लिहून द्या.

स्नायू दुखले तर गोळी गुपचूप बंद न करता फोन करायला सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. तोरोंहा, म्हणजे ग्रेपफ्रूट, रोज खात असतील तर डॉक्टरांना कळवा, काही स्टॅटिन्सशी त्याचं जमत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही आधी विचारा. मेक्सिकोहून आणलेल्या गोळ्या आणि काढे लाजून लपवले जातात, म्हणून "सगळ्या पिशव्या घेऊन या" असं मी आधीच सांगते. लसूण, नोपालचा रस घेतात त्यावर हसू नका. घ्या म्हणावं, पण गोळीसोबत, गोळीऐवजी नाही.

गोळी सुरू झाल्यापासून 4 ते 12 आठवड्यांत पुन्हा रक्त तपासायचं. ती तारीख पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत लिहून द्या, आणि जमलं तर त्यांच्याच वस्तीतल्या प्रोमोतोराला, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्तीला, आदल्या दिवशी फोन करायला सांगा.

आणि जाता जाता चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तीन आकडे लिहून द्या: 911, अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर. छातीत दाब, धाप, थंड घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली, तर मुलगा कामावरून यायची वाट बघायची नाही, स्वतः गाडी चालवायची नाही. फोन लागला की नुसतं "एस्पान्योल" म्हणायचं. हे मी बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि चिठ्ठी फ्रिजवर कुठे चिकटवणार तेही विचारून घेतलं.