पावसाआधी इंजिनाकडे बघा: लहान यंत्रांची निवड आणि त्यांचं इंधन

पाऊस सुरू झाला की गवत कोणासाठी थांबत नाही. त्याच आठवड्यात ब्रश कटर, म्हणजे हातात धरून गवत-झुडपं कापायचं यंत्र, बाहेर निघतो, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि इंजिन दाद देत नाही. मग मेकॅनिककडे रांग लागते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला देणारा भाग, उघडला की बहुतेक वेळा आत तेच सापडतं: गेल्या हंगामातलं पेट्रोल सुकून झालेला चिकट थर आणि त्याने बुजलेलं बारीक भोक. म्हणून हा सल्ला हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी वाचून कामाला लागायचं आहे, नवं यंत्र घ्यायचं असो वा जुनंच चालवायचं असो. लहान इंजिन कामाच्या ओझ्याने क्वचितच मरतं. शिळं पेट्रोल, पेट्रोल-ऑइलचं चुकलेलं मिश्रण आणि धूळ हीच त्याच्या मरणाची नेहमीची कारणं. त्यामुळे यंत्र निवडतानाही आधी स्वतःला विचारावं, की याला लागणारं इंधन माझ्याकडून नीट सांभाळलं जाणार आहे का?

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एकदा पेट्रोल पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून वजनाच्या मानाने टू-स्ट्रोकची ताकद जास्त. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे इंजिन आडवं करा, तिरकं करा, उलटं धरा, वंगण पोचत राहतं. चेन सॉ आणि बांधावर तिरका धरावा लागणारा ब्रश कटर यांना हे इंजिन शोभतं. पण ते पेट्रोल खातं. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त इंधन न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. धूर आणि वास येतो तो त्याचाच.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, टाकीत साधं पेट्रोल. आवाज कमी, खप कमी. पॉवर वीडर (निंदणीचं यंत्र), पाण्याचा पंप आणि गवत कापायचं ढकलगाडीसारखं यंत्र, म्हणजे जमिनीवर टेकून चालणारं सगळं फोर-स्ट्रोकच घ्यावं. उतारावर मात्र जपा. अशा इंजिनांना साधारण २० अंशांपर्यंतचा कल चालतो. त्यापुढे ऑइल एका बाजूला जातं आणि आतले भाग कोरडे पडतात. हातात धरायचे फोर-स्ट्रोक ब्रश कटरही मिळतात आणि त्यातले काही कुठल्याही कोनात चालतात, पण ते पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच खरं माना.

माझं मत विचाराल तर ज्याच्या घरी यंत्र तीन-चार जण हाताळतात, त्याने हातातला ब्रश कटरही फोर-स्ट्रोकच घ्यावा. थोडं वजन जास्त, पण मिश्रणाचा घोळ नाही. टू-स्ट्रोकच्या टाकीत कोणी घाईत साधं पेट्रोल ओतलं तर पिस्टन काही मिनिटांत सिलिंडरला चिकटतो. उलट, फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण पडलं तर धूर होतो आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळा होतो. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरलं की काम भागतं.

अश्वशक्तीच्या आकड्यावर भाळू नका. स्टिकरवर काहीही छापता येतं. एक ढोबळ ताळा सांगतो. होंडाचं जीएक्स १६० हे जगभर वापरलं जाणारं फोर-स्ट्रोक इंजिन १६३ सीसीचं आहे आणि कंपनी त्याची निव्वळ ताकद मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ३.६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४.८ अश्वशक्ती सांगते. म्हणजे एका अश्वशक्तीमागे साधारण ३४ सीसी. तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच फेऱ्यांच्या दुसऱ्या इंजिनावर साडेसात लिहिलं असेल, तर विकणाऱ्याला विचारा की ही कोणती अश्वशक्ती, किती फेऱ्यांवरची? हातातली छोटी इंजिनं जास्त वेगाने फिरतात, त्यामुळे त्यांचा हिशेब निराळा. जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचं फोर-स्ट्रोक ७००० फेऱ्यांना १.३ अश्वशक्ती देतं, आणि तेवढ्याच आकाराचं टू-स्ट्रोक त्याहून थोडं जास्त.

डोंगरावर शेत असेल तर आणखी एक वजावट करावी लागते. हवा विरळ होत जाते तशी दर ३०० मीटरला ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर सहावा हिस्सा गेलाच समजा.

रोज पाच-सहा तास एकाच वेगाने पाणी उपसायचं असेल तर पेट्रोलचा नाद सोडून डिझेल इंजिन बघा. वजन आणि किंमत जास्त, पण तेवढ्याच कामाला इंधन कमी लागतं. अंगणाएवढी बाग असेल तर बॅटरीवरचं यंत्र पुरतं, आणि मग खालचं सगळं वाचायचीही गरज नाही.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आज अनेक देशांत पंपावरचं पेट्रोल निव्वळ पेट्रोल राहिलेलं नाही. त्यात १० टक्के, कुठे २० टक्के इथेनॉल असतं. नव्या गाड्यांना ते चालतं, कारण त्या रोज धावतात, टाकी बंदिस्त असते आणि इंधनाचं प्रमाण संगणक सांभाळतो. लहान इंजिनाकडे यातलं काहीच नाही.

इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळी दिवसांत टाकीचं झाकण सैल असलं की हे काम जोरात होतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरू शकतं. त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन वेगळे पडतात आणि तळाला बसतात. इंधन ओढणारी नळी तळाशीच असते. टू-स्ट्रोकसाठी ही गोष्ट जीवघेणी, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनात जातो तो तळाचा बिनऑइलचा थर. मालक शपथेवर सांगतो की ऑइल बरोबर घातलं होतं, आणि तो खोटं बोलत नसतो.

दुसरा त्रास हवेच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलवर बसवलेला असेल आणि टाकीत २० टक्क्यांचं इंधन पडलं, तर इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. ते तापतं, फुल रेसला किंचाळल्यासारखा आवाज करतं आणि प्लग पांढरा पडतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि डायाफ्राम (कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा) फुगतात, नंतर कडक होऊन तडकतात.

यावर उपाय काय? आधी पुस्तिका उघडा. बहुतेक लहान यंत्रांचे उत्पादक १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहितात. तुमच्या पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल असेल तर नवं यंत्र घेताना ते २० टक्क्यांना चालतं का, हे छापील दाखवायला सांगा. तोंडी होकाराला अर्थ नाही. जुन्या यंत्रासाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्या. काही देशांत लहान इंजिनांसाठी अल्किलेट पेट्रोल, म्हणजे इथेनॉल नसलेलं खास स्वच्छ पेट्रोल, डब्यात मिळतं. महाग असतं, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यात बेंझिन हा विषारी घटक जवळपास नसतो. चेन सॉचा धूर रोज नाकात घेणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. यातलं काहीच जमत नसेल तर कार्ब्युरेटर जाणकाराकडून थोडा जास्त इंधन देईल असा लावून घ्या, नळ्या बदला आणि टाकीत इंधन रात्रभर ठेवू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी पाहता येतं. खुणा असलेल्या उंच काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. वाढला तर जेवढा वाढला जवळपास तेवढं इथेनॉल त्यात आहे. हे मोकळ्या हवेत करा आणि आसपास विडी-काडी नको. या युक्तीने इथेनॉल ‘धुऊन’ काढून उरलेलं पेट्रोल वापरायचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण, घटतो आणि त्यात ओलही राहते.

जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घातल्याने ताकद वाढते हा समजही सोडा. या इंजिनांना ९० ते ९१ ऑक्टेनचं साधं ताजं पेट्रोल पुरतं. आणि रॉकेलची भेसळ असेल तर इंजिन ठोकतं, तापतं, कार्बन धरतं. रॉकेलवर चालणारी इंजिनं वेगळी बनवलेली असतात, पेट्रोल इंजिनावर तो प्रयोग नको.

मिश्रण

बहुतेक नव्या टू-स्ट्रोकना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल लागतं. ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे असेल तेच प्रमाण. झाकणाने ‘अंदाजे’ ओतणं बंद करा. औषधाची खुणांची पिचकारी किंवा मोजपात्र त्या कॅनलाच बांधून ठेवा.

ऑइल थोडं जास्त पडलेलं बरं, असं जाणकारही म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. ऑइल वाढलं की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणजे इंजिनाला पुन्हा हवा जास्त. वर सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो तो वेगळाच.

ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं घ्या. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी, नाहीतर आयएसओ ईजीसी किंवा ईजीडी अशी ऑइलच्या प्रतीची खूण बघा. टीसी-डब्ल्यू३ खुणेचं ऑइल बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. ते इथे नको. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोकचं ऑइल किंवा बदलून काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नको.

कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकी भरण्याआधी प्रत्येक वेळी पुन्हा एकदा हलवा. कॅनवर ठळक अक्षरांत ‘मिश्रण ५०:१’ आणि बनवल्याची तारीख लिहा, साध्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा. एका महिन्यात संपेल एवढंच मिश्रण करा, पावसाळ्यात त्याहून कमी.

फोर-स्ट्रोकचं ऑइल आणि बाकी तपासणी

१० डब्ल्यू ३० (ही ऑइलच्या दाटपणाची खूण) बहुतेक ठिकाणी चालतं, प्रत नेहमी पुस्तिकेप्रमाणे. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला. त्यात झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो आणि नेमकं हेच बदलणं सगळे विसरतात. पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. हातातल्या छोट्या इंजिनाचं दोन्ही वेळा त्याहून लवकर, पुस्तिकेप्रमाणे. हातातल्या छोट्या इंजिनात जेमतेम १०० मिली ऑइल बसतं, तिथे दोन चमचे कमी झाले तरी फरक पडतो. पातळी रोज, यंत्र सपाट ठेवून बघा.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. पेट्रोलने धुऊ नका. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटका, फाटला किंवा ओला झाला की बदला. फिल्टर काढून ‘मोकळा श्वास घेऊ दे’ म्हणत इंजिन चालवणं म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावणं.

प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळा ओलसर प्लग म्हणजे इंधन किंवा ऑइल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त. ब्रश कटर चालू होतो पण लोड घेत नाही, अशी तक्रार असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी-जाळी काढून बघा. ती कार्बनने बुजलेली असते. तारेच्या ब्रशने घासली की काम झालं.

भरताना आणि चालवताना

इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मगच टाकी उघडा. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवा. गाडीत ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल ठेवू नका: बाटली तकलादू, आणि तहानलेला माणूस ती उचलतोच. कॅन गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात इंधन फुगतं. टाकी भरली त्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन दोरी ओढा.

शेडनेटचं ठीक आहे, पण बंद पॉलिहाऊसमध्ये, गोदामात किंवा विहिरीच्या आत उतरवून पेट्रोल-डिझेल इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस आत बेशुद्ध पडला तर त्याला काढायला उतरणाराही पडतो. पंप वर ठेवा. तेवढ्या खोलीवरून पाणी ओढलं जात नसेल तर विजेचा पाणबुडी पंप हाच मार्ग.

उघडीप आणि हंगामाची अखेर

यंत्र महिनाभर बसून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर सुकेल. टू-स्ट्रोकमध्ये पंपाचा रबरी फुगा दाबून उरलेलं टाकीत आणा, तेही काढा. फोर-स्ट्रोकचं ऑइल हंगाम संपताच बदलून ठेवा, जुन्या ऑइलमधलं आम्ल आतल्या भागांना खात बसतं. प्लग काढून चमचाभर ताजं ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोरी हळूच दोन-तीनदा ओढा, प्लग परत लावा.

काढलेलं शिळं पेट्रोल बांधावर, ओढ्यात किंवा चुलीवर जाऊ नये. आंबूस वास आला किंवा रंग गडद झाला तर ते कुठल्याच इंजिनात घालू नका. झाकणाच्या डब्यात वेगळं साठवून जुनं ऑइल जमा करणाऱ्या वर्कशॉपला द्या, आणि देताना त्यात पेट्रोल आहे हे सांगून द्या.