जुनी जावा-येझदी विकत घेताना: आधी कागद, मग क्रँक, शेवटी क्रोम

विकायला काढलेली जुनी जावा मोटरसायकल बहुधा नुकतीच रंगवलेली असते. मरून रंग, चकचकीत टाकी, नवी सीट. एवढंच बघून पैसे मोजले जातात आणि पुढे गाडी सहा महिने मेकॅनिककडे उभी राहते. म्हणून बघण्याचा क्रम उलटा ठेवा. धूळ खात पडलेली, पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी रंगवलेल्या गाडीपेक्षा बरी. तिचे दोष निदान दिसतात तरी.

कोणती घ्यायची

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा बनू लागली. 1973 पासून तीच गाडी येझदी या नावाने आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 250 च्या सगळ्या मॉडेलांचा पाया एकच आहे: टू-स्ट्रोक, 65 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 248 सीसी. नेहमी चालवायची असेल तर येझदी 250 किंवा येझदीचंच रोडकिंग मॉडेल घ्या, जपून ठेवायची असेल तर जावा. 2018 मध्ये बाजारात परत आलेली जावा फोर-स्ट्रोक आहे. तिचे भाग या गाड्यांना लागत नाहीत, त्यामुळे ‘आता शोरूममध्ये सगळं मिळतं’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

कागद

1. आरसीवर नाव कोणाचं आहे ते बघा. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच असेल तर फॉर्म 29 (दोन प्रती) आणि फॉर्म 30 वर सह्या घ्या. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढते. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. हे काम विकणाऱ्याने उरकल्यावरच व्यवहार करा. ‘काकांच्या नावावर आहे, सही आणून देतो’ या बोलीवर पैसे देऊ नका.

2. जुनी आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं पुस्तक. त्यातली नोंद ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. कार्यालयातलं जुनं रजिस्टर सापडलं नाही तर हे काम अडकून पडतं, म्हणून तेही विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

3. नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपून किती महिने झाले ते मोजा. उशिराचं शुल्क महिन्यागणिक चढतं, वर पर्यावरण कर येतो. हा सगळा आकडा काढून किमतीतून वजा करा.

4. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हवं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण दरम्यान बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि पत्र कोण देणार इथेच गाडं अडतं.

5. कर्नाटकातली गाडी असेल तर फॉर्म 28, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हवं, आणि महाराष्ट्रातला रस्ता कर वेगळा भरावा लागतो.

आता थिनरचा बोळा घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुसा. त्यांच्यावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या रेघा असतील, पत्रा खोलगट वाटत असेल, आकडे वेगवेगळ्या उंचीचे असतील, तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर झालेली असायला हवी.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सिंहगडावर जायचं असेल तर साधी आरसीच जिवंत ठेवा.

थंड इंजिनावर सुरुवात

तुम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका, असं विकणाऱ्याला बजावून ठेवा. पोचल्यावर आधी सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा.

या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. न्यूट्रलमध्ये दांडा इंजिनाकडे आत दाबून वर वळवला की त्याची किक होते. मारताना पायाला घट्ट विरोध जाणवला पाहिजे. दांडा भसकन खाली गेला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजून संपलंय. चांगली गाडी तीन-चार किकमध्ये पेटते.

धूर नीट बघा. सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकला चालायचाच. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर डाव्या, क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचं) सील गेलंय आणि इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर धूर दिसत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. तिथून हवा आत जाते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. खूण अशी की थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली बसत नाही, उलट ओरडत राहतं. विकणारा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ते दाबायला बघेल.

मग इंजिन बंद करून उजवं कव्हर उघडा. डायनॅमोचा रोटर धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकी हालचाल असेल तर मेन बेअरिंग गेली. त्यामुळे पॉइंटची, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काची, गॅपही टिकत नाही आणि तो दोष इलेक्ट्रिकलच्या माथी मारला जातो. चढावर जोर दिल्यावर खालून टक-टक असा जड आवाज येत असेल तर कनेक्टिंग रॉडचं बिग एंड बेअरिंग संपलंय. क्रँक दाबून बसवलेला असतो. तो प्रेसवर उघडून, नवा रॉड घालून, डायल गेजवर 0.03 मिमीच्या आत सरळ करावा लागतो. हातोडीने ठोकून सरळ करणारा मेकॅनिक टाळा.

‘बोअर कितवं?’, म्हणजे सिलिंडर घासून किती वेळा मोठा केलाय, हा प्रश्न विसरू नका. पिस्टन 0.25 मिमीच्या टप्प्यांनी मोठा मिळतो. शेवटचा साइज झाला असेल तर पुढचं काम नव्या स्लीव्हचं, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी बसवण्याचं.

चालवून

गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप थोडा सुटतो, ही या गाडीची खासियत. ते होत नसेल तर क्लचचं ॲडजस्टमेंट बिघडलंय, किरकोळ काम. पण जोर दिल्यावर गिअर निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, म्हणजे अख्खं इंजिन उघडणं आलं. 6 व्होल्टच्या गाडीत वेग वाढल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला पाहिजे.

टाकीत टॉर्च मारून गंज बघा आणि बाहेरून चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. मूळ जिकोव कार्बोरेटर, स्पीडोमीटर, टाकीवरचे क्रोमचे पत्रे आणि बिल्ले जागेवर असतील तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ते पुन्हा मिळवणं हीच खरी डोकेदुखी.

टोकन थोडं ठेवा, बाकी रक्कम सह्या झाल्यावर द्या. डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, म्हणजे आधीचं चलान तुमच्या गळ्यात पडत नाही.

घरी आणल्यावर

गिअर ऑइल बदला, पॉइंटची गॅप 0.4 मिमी आणि प्लगची 0.6 मिमी ठेवा. इंजिनाचं काम केलं असेल तर सुरुवातीला पेट्रोलच्या लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळा, रनिंग-इन, म्हणजे नवे भाग रुळण्याचा काळ, संपल्यावर 33 मिली पुरतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची तोटी बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

आणि खंबाटकीसारखा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिनावर गाडी रोखत राहू नका. ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि पिस्टन तेव्हा कोरडा चालतो. दर थोड्या अंतराने क्लच दाबून एकदा थ्रॉटल द्या. मागचं चाक अचानक जड वाटलं तर पिस्टन जाम होतोय असं समजून आधी क्लच दाबा, ब्रेक नंतर.