ॲरे_यूडिफ चुकीचा फरक दाखवतंय? कंपॅरिझन फंक्शनमधल्या या चुका टाळा

दुकानाच्या जुन्या आणि नव्या माल-यादीत काय बदललं हे शोधायला पीएचपीमध्ये ॲरे_यूडिफ (array_udiff) हे दोन याद्यांतला फरक काढणारं फंक्शन हाताशी असतं. आधी दोन ॲरे (याद्या) द्यायचे, शेवटी आपलं कॉलबॅक, म्हणजे दोन नोंदींची तुलना करणारं आपलं फंक्शन. पाच-सात नोंदींवर सगळं ठीक दिसतं, पण खऱ्या यादीवर दोन्हीकडे असलेली वस्तूही 'फरक' म्हणून बाहेर पडते. अशा वेळी डेटाला दोष देण्याआधी कॉलबॅक उघडून बघा.

सारखं की वेगळं, एवढंच सांगणारं कॉलबॅक

कोड जुळला तर 0, नाहीतर 1. सर्वाधिक आढळणारी चूक हीच. ॲरे_यूडिफ प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नोंदीशी ताडून बघत नाही. ते आधी दोन्ही याद्या तुमच्याच कॉलबॅकने क्रमाने लावतं, मग दोन्हींवरून एकेक पाऊल पुढे सरकतं आणि मागे सुटलेल्या नोंदीकडे परत वळत नाही. म्हणून कॉलबॅकने 'आधी कोण, नंतर कोण' हे सांगायलाच हवं: ऋण, शून्य किंवा धन पूर्णांक. पीएचपी 7 पासून नेमकं असंच उत्तर देणारा स्पेसशिप ऑपरेटर आहे:

$अ['कोड'] <=> $ब['कोड']

(व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, टीमला चालेल का ते तुम्ही बघा.) पीएचपी 16 नोंदींपर्यंत इन्सर्शन सॉर्ट (क्रम लावायची एक पद्धत) वापरतं, त्यापुढे पद्धत बदलते. त्यामुळे छोट्या यादीवरच्या चाचणीने फारसं काही सिद्ध होत नाही.

याच सॉर्टिंगमुळे कॉलबॅकला एकाच यादीतल्या दोन नोंदीही मिळतात. पहिलं आर्ग्युमेंट नेहमी जुन्या यादीतलं असेल असं धरून एकीकडे 'कोड' आणि दुसरीकडे 'आयटम_कोड' वाचलंत, तर 'अनडिफाइन्ड की'च्या वॉर्निंगचा पाऊस पडेल. आधी ॲरे_मॅपने (प्रत्येक नोंदीवर एकच फंक्शन चालवणारं) दोन्ही याद्यांचा साचा एकच करून घ्या.

भावांची वजाबाकी

99.50 वजा 99.00 म्हणजे 0.5. कॉलबॅकचं उत्तर पूर्णांकात बदललं जातं, 0.5 चा 0 होतो आणि पन्नास पैशांचा फरक गायब! वजाबाकी नको, स्पेसशिप वापरा. '0.01 च्या आत असेल तर सारखं' हा नियमही घातक आहे. 10.000 आणि 10.008 सारखे, 10.008 आणि 10.016 सारखे, पण 10.000 आणि 10.016 वेगळे. असा क्रम लागूच शकत नाही. भावाला 100 ने गुणा, राउंड करा, पूर्णांक पैसे करून तेच ताडा.

आकड्यांसारखी दिसणारी स्ट्रिंग

स्पेसशिपला '007' आणि '7' सारखेच वाटतात. शिवाय '9', '10' आणि '1a' सारखे कोड एकत्र आले की चक्र तयार होतं: 9 लहान 10 पेक्षा, 10 लहान 1a पेक्षा आणि 1a लहान 9 पेक्षा. कोड, पिनकोड, फोन नंबर यांना अक्षरं जशीच्या तशी ताडणारं स्ट्रिंग-कंपेअर (स्ट्रसीएमपी) लावा.

मराठी नावं

'सुऱ्या' हा शब्द तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: थेट ऱ (युनिकोड 0931), र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब), किंवा र्, झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनमधलं नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं साधन) पहिले दोन एक करतं, जॉइनरवाला तसाच राहतो. 'ॲल्युमिनियम'मधला ॲ (0972) आणि अ अधिक ॅ यांनाही नॉर्मलायझर एक मानत नाही. या दोन्हींसाठी स्वतः बदली करून घ्या. हे सगळं कॉलबॅकच्या बाहेर, एकदाच करा. 10,000 नोंदींची एक यादी लावायलाच कॉलबॅक साधारण लाखभर वेळा चालतं.

चुकीचं भावंड

मिळत्याजुळत्या नावांची फंक्शनं सहज गल्लत करवतात. ॲरे_यूडिफ_असोकमध्ये व्हॅल्यूची (नोंदीची) तुलना तुमची, कीची (नोंद ज्या नावाने किंवा क्रमांकाने ठेवली आहे त्याची) पीएचपीची. ॲरे_डिफ_यूअसोकमध्ये नेमकं उलट, आणि तिथे व्हॅल्यू स्ट्रिंग करून ताडल्या जातात. म्हणून आतला प्रत्येक ॲरे 'Array' ठरून सगळे सारखेच निघतात. ॲरे_यूडिफ_यूअसोकला दोन कॉलबॅक लागतात, आधी व्हॅल्यूचं, मग कीचं. अदलाबदल झाली तरी पीएचपी ती स्वतःहून ओळखत नाही.

उत्तर बरोबर, अर्थ चुकीचा

ॲरे_यूडिफमधून पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढंच मिळतं. नव्याने आलेल्या वस्तूंसाठी याद्या उलट्या देऊन पुन्हा चालवा. एकीकडे तीच नोंद तीनदा आणि दुसरीकडे एकदा असेल तर तिन्ही वगळल्या जातात. मूळ की तशाच राहतात, त्यामुळे जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकूर-साचा) यादीऐवजी ऑब्जेक्ट जातो. ॲरे_व्हॅल्यूज (की पुन्हा 0 पासून लावणारं) लावून मगच पाठवा.

कॉलबॅकवर शंका असेल तर पूर्ण आकाराच्या यादीची प्रत शफल करा (क्रम विस्कटा) आणि मूळ यादीशी फरक काढा. चार-पाच वेळा करून दरवेळी रिकामा ॲरे यायला हवा. एकदाही नोंद उरली तर कॉलबॅकचा क्रम फसलेला आहे.