व्हेपची टाकी धुताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली आणि आजवर काहीच न धुणारी मंडळी अचानक लिक्विडच्या टाक्या, पॉड (डिव्हाइसला जोडायच्या छोट्या कुप्या) आणि ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या मऊ कड्या) घेऊन सिंकपाशी उभी राहिली. तेव्हापासून तक्रारी त्याच त्या. धुतल्यापासून करपट लागतंय. धुतल्यापासून खालून गळतंय. स्क्रीनवर ‘चेक अ‍ॅटोमायझर’ (टाकी-कॉइल तपासा) येतंय. मग लिक्विड खराब, कॉइल (लिक्विड तापवणारा भाग) डुप्लिकेट, दुकानदार चोर, असे आरोप सगळ्यांवर होतात. संशय फक्त सिंकवर कोणी घेत नाही.

लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन. दोन्ही पाण्यात सहज मिसळतात, त्यामुळे धुणं पाच मिनिटांत उरकतं. खरं काम त्यानंतरचं असतं: आत शिरलेलं पाणी बाहेर काढणं. तिथे घाई होते आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

आधी एक गोष्ट. हे सगळं जिथे या वस्तूला परवानगी आहे तिथल्या, सिगारेट सोडण्यासाठी व्हेप वापरणाऱ्या प्रौढांसाठी आहे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठा या सगळ्यांवर बंदी आहे. सुट्टीत घरी जाताना ‘एकच तर आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका.

कॉइल धुणं

ही चूक सगळ्यात लाडकी, कारण तिच्यात काटकसरीचं समाधान आहे. टाकी धुतोच आहोत तर कॉइलही विसळून घेऊ, आठवडाभर अजून चालेल, असा हिशेब असतो.

तयार मिळणाऱ्या कॉइलच्या आत धातूची जाळी किंवा तार असते आणि तिच्याभोवती घट्ट बसवलेला कापूस. हा कापूस म्हणजे वात. समईची वात ओली असली तर काय होतं ते ठाऊक आहे: तडतडते, ठिणगी उडवते आणि मग मधूनच करपते. इथेही तेच घडतं. पाणी १०० अंशांना उकळतं, प्रोपिलीन ग्लायकॉल १८८च्या आसपास आणि ग्लिसरीन २९०ला. तार तापली की कापसातलं पाणी लिक्विडच्या कितीतरी आधी फुटून उडतं. त्याचा गरम थेंब थेट जिभेवर येतो. पाणी उडून गेलेल्या जागी लिक्विड पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात तो कोरडा पट्टा जळतो. जळलेला कापूस परत चांगला होत नाही. कितीही धुवा, किती दिवस वाळवा, करपट चव राहणारच.

शिवाय ज्या काजळीसाठी धुताय ती धुऊन जातच नाही. गोड लिक्विडमध्ये सुक्रालोज असतं. ते वाफेबरोबर नीट उडत नाही, तापलेल्या तारेवर साचत आणि करपत जातं. पातेल्यात करपलेला पाक घासणीशिवाय निघतो का? आणि कॉइलच्या आत घासणी घालता येत नाही.

लेस्टरमधल्या एका घरातला प्रकार इथे सांगण्यासारखा आहे, कारण त्यात चुकांची एकही पायरी सोडलेली नाही. शनिवारी रात्री किटलीतलं उकळतं पाणी कपात ओतून कॉइल त्यात बुडवली. पाणी तपकिरी झालं, म्हणजे मळ निघाला असं वाटलं. (ते कापसातलं उरलेलं लिक्विड होतं.) मग कॉइल रात्रभर रेडिएटरवर ठेवली. सकाळी बाहेरून कोरडी ठणठणीत, भोकातून दिसणारा कापूसही पांढरट. लगेच बसवली, टाकी भरली आणि नेहमीच्या ४० वॅटला बटण दाबलं. पहिल्या झुरक्याला तडतड आणि जिभेला चटका. पुढचे तीन-चार बरे गेले. मग वाफ कमी वाटली म्हणून वॅट वाढवले. आतला भाग अजून ओला होता, बाहेरचा कोरडा, आणि त्या कोरड्या भागाने पेट घेतल्यासारखा वास आला. यावर उपाय काय? कॉइल काढून पुन्हा धुतली! दोनदा फुगून आकसलेला कापूस आता भोकांना नीट झाकत नव्हता. तिसऱ्या दिवशी लिक्विड हवेच्या छिद्रांतून खाली उतरलं, डिव्हाइसच्या पिनेभोवती साचलं आणि डिव्हाइस पेटेनासं झालं. एका कॉइलची बचत करायला निघालेल्या माणसाने शेवटी अख्खं यंत्र नवं घेतलं.

कॉइल संपली की टाकायची. साधारण एक ते तीन आठवडे टिकते. गोड, गडद लिक्विड असेल तर कमी. टाकी धुण्याचा दिवस म्हणजे कॉइल बदलण्याचा दिवस, इतकं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रश्न येत नाहीत.

तारा स्वतः गुंडाळणाऱ्यांचं वेगळं. ते जुना कापूस पूर्ण काढून, कमी वॅटवर तार काही सेकंद मंद लाल होऊ देतात, गार झाल्यावर ब्रशने काजळी झाडतात, विसळून वाळवतात आणि नवा कापूस घालतात. हे कांथल, नायक्रोम आणि स्टीलच्या तारेपुरतंच. निकेल आणि टायटॅनियमची तार अशी लाल करायची नाही. आणि तयार कॉइलवर हा प्रयोग करू नका, आत कापूस आहे आणि तो पेटतो.

अर्धवट वाळवणं

पुसलं, फुंकर मारली, जोडलं. नवशिक्याची वाळवण्याची व्याख्या एवढीच. दिसणारं पाणी पुसलं जातं, त्रास न दिसणारं देतं. ते कुठे दडतं ते पाहा: ओ-रिंगखालच्या खाचेत, आट्यांमध्ये, चिमणी (वाफ वर नेणारी मधली नळी) बुडाशी जिथे बसते त्या सांध्यात, हवा कमीजास्त करणारी चकती फिरते तिच्या खाली आणि मधल्या पिनेभोवतीच्या इन्सुलेटरपाशी. अरुंद फटीत पाणी स्वतःहून चढून बसतं आणि तिथे वारा लागत नाही.

म्हणून भाग सुटे करायचे म्हणजे खरोखर सगळे सुटे करायचे. तोंडाची नळी, वरचं झाकण, काच, चिमणी, बूड. ओ-रिंगाही काढायच्या, आणि त्या बोथट लाकडी टूथपिकने. सुरीच्या टोकाने किंवा सेफ्टी पिनेने काढलेल्या रिंगला बारीक चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, लिक्विडला मात्र सापडते. कोणती रिंग कुठली हे विसरायला होतं, तेव्हा काढण्याआधी एक फोटो घ्या.

पाणी कोमट, हात बुडवून ठेवता येईल इतपत. धातू आणि काचेसाठी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे, मग तीन वेळा खळखळून. जास्त साबण घातला की पुढचे दोन दिवस लिंबाची चव. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, काचेवर आणि आट्यांवर पांढरे डाग धरतं. तिथे शेवटचं विसळणं इस्त्रीसाठी मिळणाऱ्या डीआयोनाइज्ड पाण्याने करावं.

नंतर प्रत्येक भाग जोरात झटकायचा, मऊ सुती फडक्याने टिपायचा आणि जाळीवर निथळत ठेवायचा. जुना पंचा असेल तर उत्तम, किचन रोलचे तंतू आट्यांत अडकतात. काच आणि झाकण उपडं, बूड आटे वर करून, रिंगा वेगळ्या. चोवीस तास. हिवाळ्यात त्याच खोलीत कपडेही वाळत असतील तर अठ्ठेचाळीस. हे ऐकून लोकांचे चेहरे उतरतात. ज्यांना इतकं थांबवत नाही त्यांनी दुसरी टाकी घ्यावी आणि आलटूनपालटून वापरावी. घाईवर याहून चांगला तोडगा नाही.

वाळलं की नाही ते हाताने कळत नाही. कोरड्या टिश्यूचं टोक पिळून आट्यांत आणि ओ-रिंगच्या खाचेत फिरवा. टिपक्याएवढा ओलावा दिसला तरी अजून एक रात्र.

लवकर वाळवण्याच्या युक्त्यांबद्दल थोडक्यात. गरम हेअर ड्रायर आणि ओव्हन यांनी पॉडचं प्लास्टिक वाकतं, मग झाकण कधीच नीट बसत नाही. मायक्रोवेव्हमध्ये धातू घालणाऱ्याला सांगायचं तरी काय. तांदळाच्या डब्यात पुरणं हा मोबाइलवाल्यांचा वारसा. त्याने ओलावा फारसा जात नाही, पीठ मात्र आट्यांत बसतं. पंखा किंवा ड्रायरची थंड हवा चालेल.

बाकीच्या चुका

ओ-रिंग कोरडी बसत नाही म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावणं. हे अजिबात करू नका. इथे जे लावाल ते आत ओढलं जाऊ शकतं, आणि तेल फुफ्फुसात गेलं तर त्याने न्यूमोनियासारखी सूज येते. तुमच्याच लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन रिंगला चोळा, सहज सरकते.

उकळतं पाणी थंड काचेवर ओतणं. काच तडकते.

प्लास्टिकच्या टाकीला अल्कोहोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावणं. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर जाळीसारख्या भेगा पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त धातूच्या संपर्कबिंदूंवर, कानाच्या काडीने, आणि पूर्ण उडून जाईपर्यंत थांबून. हँड सॅनिटायझर हा त्याला पर्याय नाही, त्यात सुगंध आणि जेल असतं.

बॅटरीचा भाग नळाखाली धरणं. तो फक्त किंचित ओलसर फडक्याने पुसायचा, बंद करून आणि बॅटरी निघत असेल तर काढून. चार्जिंगच्या खाचेत पाणी गेलंच तर चार्जिंगला लावू नका. मधली पिन धातूच्या चिमट्याने खरवडणारेही आहेत. पिन आणि कडा एकाच वेळी चिमट्याला लागल्या की शॉर्ट सर्किट.

पॉड सरसकट बुडवणं. ज्यातली कॉइल ओढून निघते तो पॉड कॉइल काढून धुता येतो. ज्यात कॉइल आतच बसवलेली आहे किंवा लिक्विड भरूनच येतो, तो धुवायचा नसतो, संपला की बदलायचा. खालचे सोनेरी ठिपके रोज कोरड्या काडीने पुसले तर निम्म्या ‘पॉड सापडत नाही’च्या तक्रारी मिटतात.

दालचिनी, बडीशेप किंवा मेंथॉल चवीची टाकी धुऊन लगेच दुसरी चव भरणं. वास सिलिकॉनच्या रिंगांत बसलेला असतो. डब्यात सुट्या रिंगा येतात त्या याचसाठी. त्या बदला, खाण्याच्या सोड्यात तासन् तास भिजवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

जोडताना

नव्या कॉइलच्या बाजूच्या प्रत्येक भोकात आणि मध्ये लिक्विडचे एकदोन थेंब सोडा, कापूस ओला दिसला पाहिजे. टाकी भरा, दहा मिनिटं थांबा. कॉइलवर १२ ते १८ वॅट लिहिलं असेल तर सुरुवात १२ने. आटे बोटांनी जेवढे घट्ट होतील तेवढेच आवळायचे. पकड लावणारे लोक आहेत, आणि नंतर कॉइल निघत नाही म्हणून रडणारेही तेच.

यानंतरही ‘चेक अ‍ॅटोमायझर’ आलं तर आधी टाकी काढून पिनेखाली ओलावा पाहा, मग कॉइल पाव फेरा सैल करा. खालून गळत असेल तर एखादी रिंग चिमटली आहे, राहून गेली आहे किंवा आटे तिरके चढलेत; सगळं उलगडून फोटोशी ताडून बघा. नुसती गुडगुड होत असेल तर बहुधा चिमणीत थेंब साचलेत, टिश्यूची वळी आतून फिरवली की जाते.

आणि स्वयंपाकाचं भांडं यासाठी घेऊ नका. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये मिलीलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन असू शकतं आणि ते त्वचेतूनही आत जातं. हातमोजे घाला, टाकीतलं उरलेलं लिक्विड टिश्यूत टिपून झाकणाच्या कचरापेटीत टाका, पाण्याचा कप मुलांच्या हाताला लागेल असा ओट्यावर ठेवू नका. जुनी कॉइल, फुटका पॉड आणि मेलेलं डिव्हाइस घरच्या कचऱ्यात न टाकता व्हेप विकणाऱ्या दुकानात नेऊन द्या. ते परत घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.