नरसिंह रावांवर आठ मिनिटं : सातारा-सांगलीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण कसं बांधावं

विषयपत्रिकेत ‘नरसिंह राव : एक उपेक्षित पंतप्रधान’ असा विषय आला की निम्मे स्पर्धक ‘उपेक्षित’ या एका शब्दाला धरून गळा काढतात. तिसऱ्या भाषणापर्यंत परीक्षकांचं पेन खाली ठेवलेलं असतं. हा विषय गळ्याचा नाही, तारखांचा आहे. २१ जून १९९१ ला शपथ, २४ जुलैला औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प. मधे तेहतीस दिवस. भाषण या तेहतीस दिवसांवर उभं करायचं आणि उरलेलं ८३ वर्षांचं आयुष्य त्याला टेकू म्हणून वापरायचं.

आधी वेळेचं गणित. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सात अधिक एक असा नियम असतो : सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, आठव्याला शेवटची. व्यासपीठावर मराठी बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द सुखाने जातात. म्हणजे ८०० शब्द बसतील असं वाटतं. लिहायचे मात्र ७२०. कारण आकडे. ‘४६.९१ टन’ (१९९१ ला तारण ठेवलेलं सोनं) हा कागदावर एवढासा ऐवज, पण तोंडाने म्हणायला गेलात की ‘शेहेचाळीस पूर्णांक एक्क्याण्णव शतांश टन’ होतं, आणि एवढं होईपर्यंत मागच्या बाकावरची मुलं मोबाइल काढतात. सरळ ‘सत्तेचाळीस टनांच्या आसपास’ म्हणा.

७२० शब्दांची वाटणी अशी : सुरुवात ६०, संकट १३०, तेहतीस दिवस २३०, आपल्या जिल्ह्यांतला पुरावा १५०, काळी बाजू १००, शेवट ५०. यात चरित्राला वेगळी जागा नाही, ती मुद्दाम ठेवलेली नाही. जन्मापासून सुरुवात केली की वंगारा, वरंगळ, आमदारकी, मंत्रिपदं करता करता चौथं मिनिट उजाडतं आणि १९९१ उरकून टाकावं लागतं. या विषयावरची भाषणं पडतात ती बहुतेक इथेच.

सुरुवात

संस्कृत सुभाषित, शेर किंवा ‘वेळ आलेली कल्पना जगातली कुठलीच शक्ती थांबवू शकत नाही’ ही ओळ, यांपैकी काहीही नको. ती ओळ मुळात एका फ्रेंच लेखकाची, आणि २४ जुलैच्या अर्थसंकल्पी भाषणात वापरली तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहनसिंग यांनी. ती रावांच्या तोंडी घालणारा स्पर्धक जवळपास प्रत्येक स्पर्धेत भेटतो.

त्यापेक्षा मराठीच्या दारातून आत या. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा माणूस पुढे देशाचा पंतप्रधान झाला. १९८४ आणि १९८९ ला तो लोकसभेत गेला तोही महाराष्ट्रातूनच, रामटेकमधून. ६० शब्दांत एवढं पुरेसं होतं आणि सभागृहाला माणूस आपला वाटतो. भाषा किती येत होत्या याचा आकडा देऊ नका. कुणी दहा सांगतं, कुणी सतरा, आणि परीक्षकाने वाचलेला आकडा नेमका दुसरा निघतो.

नावाचा उच्चार आधी पक्का करा : पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. आणि बँकिंग सुधारणांची १९९१ ची समिती एम. नरसिंहम यांची, ते रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. ‘नरसिंह राव समिती’ म्हणालात तर अर्थशास्त्राचे परीक्षक पुढचं काही ऐकत नाहीत.

संकट सांगताना

इंग्रजी पुस्तकातून ‘१.२ बिलियन डॉलर’ उचललं की गोंधळ सुरू होतो. बिलियन म्हणजे अब्ज, अब्ज म्हणजे शंभर कोटी. घाईत त्याचे ‘दशलक्ष’ होतात आणि देश हजारपट गरीब होतो. सोपा मार्ग असा की अर्थसंकल्पी भाषणातलाच रुपयांतला आकडा घ्यावा : परकीय चलनाची गंगाजळी सुमारे २,५०० कोटी रुपये, म्हणजे जेमतेम पंधरवड्याची आयात. घरात पंधरा दिवसांचा किराणा आणि वाण्याने उधारी बंद केलेली, असं एका वाक्यात सांगितलं की मागच्या बाकापर्यंत पोचतं.

कारण सांगताना नुसतं आखाती युद्ध आणि तेलाचे भाव सांगून थांबू नका. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली होती, आणि मुळात १९८० च्या दशकात सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला होता. १९९०-९१ ची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून जास्त होती. हे वाक्य असलेलं भाषण आणि नसलेलं भाषण यांत परीक्षक फरक करतात.

सोन्याची गोष्ट सगळ्यांना आवडते आणि सगळे ती चुकवतात. सोनं दोनदा बाहेर गेलं. पहिलं मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर सरकारच्या काळात : २० टन, स्टेट बँकेमार्फत, पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलेलं. दुसरं जुलैमध्ये, राव सरकारच्या काळात : रिझर्व्ह बँकेचं सत्तेचाळीस टनांच्या आसपास, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून कर्ज घेण्यासाठी तारण. ‘रावांनी देशाचं सोनं विकलं’ आणि ‘चंद्रशेखरांनी घालवलेलं सोनं रावांनी वाचवलं’ ही दोन्ही वाक्यं चूक.

तेहतीस दिवस

हा भाषणाचा कणा. तारखा एकामागून एक, थांबत थांबत सांगायच्या. १ जुलै : रुपयाचं अवमूल्यन, सुमारे नऊ टक्के. ३ जुलै : पुन्हा अवमूल्यन, सुमारे अकरा टक्के. दुसरा टप्पा थांबवावा असं रावांच्या मनात आलं, पण रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी तोवर तो जाहीर करून टाकला होता. राव घाबरले होते हे सांगायला कचरू नका. घाबरलेला माणूस तरीही पुढे गेला, यात नाट्य आहे. निर्भय पुतळ्यात काही नाट्य नसतं.

अवमूल्यन समजावताना तासगावचं द्राक्ष हाताशी आहे. डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. दहा डॉलरची पेटी परदेशी गेली तर आधी २१० रुपये, नंतर २६०. ही पेटी हिशेबापुरतीच, हे बोलून दाखवा. आणि त्याच दमात हेही सांगा की आयात होणारं तेल आणि खताचा कच्चा माल तेवढाच महागला. अर्धीच बाजू सांगितली की प्रश्नोत्तरात फजिती होते.

४ जुलै : निर्यातीवरचं रोख अनुदान बंद. मग २४ जुलै. आधी उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी लोकसभेत औद्योगिक धोरणाचं निवेदन ठेवलं, संध्याकाळी मनमोहनसिंगांनी अर्थसंकल्प मांडला. अर्थसंकल्प सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण अठरा उद्योग वगळता बाकी सगळ्यांना कारखाना काढायला लागणारे सरकारी परवाने रद्द झाले ते त्या दुपारच्या निवेदनात, आणि उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलेलं होतं. श्रेयाचा वाद मिटवायला एवढी एक वस्तुस्थिती पुरते, मनमोहनसिंगांना लहान करायची गरज पडत नाही.

निवेदनाची ठेवण समजली तर रावांचं राजकारण समजतं. सुरुवातीला नेहरूंचा, इंदिराजींचा, राजीवजींचा भरभरून गौरव आणि पोटात त्यांच्याच काळातल्या परवान्यांचं विसर्जन. मंत्रिमंडळात कुरकुर झाली तेव्हा प्रस्तावना लांबली, मजकूर जवळपास तसाच राहिला. सरकार अल्पमतातलं, पक्ष बिथरलेला. अशा वेळी नवी गोष्ट जुन्या देवाच्या पालखीतून न्यावी लागते. हा परिच्छेद संथ बोला, आवाज चढवू नका, इथे लोक पुढे वाकून ऐकतात.

या भागात मोठे आकडे दोनच घ्या : अठरा उद्योग आणि परकीय गुंतवणुकीची ५१ टक्क्यांची मर्यादा. चौतीस प्राधान्य उद्योग, शंभर कोटींची मक्तेदारी कायद्यातली अट वगैरे प्रश्नोत्तरासाठी राखून ठेवा.

खताचं लपवू नका. अर्थसंकल्पात खताची किंमत ४० टक्के वाढवायचा प्रस्ताव होता. स्वपक्षाच्याच खासदारांनी आकांडतांडव केलं, मग वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळलं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी ऊस आहे. त्यांना हे ऐकायचंच असतं.

आपल्या जिल्ह्यांतला पुरावा

परवानाराज काय होतं हे साताऱ्यात सांगायला ‘प्रिया’ स्कूटर पुरे. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्याचा. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षं नंबर यायची वाट पाहायची, हे आजोबांना विचारा. पण ‘१९९१ मुळे स्कूटरच्या रांगा संपल्या’ असं म्हणू नका. दुचाकींवरचं नियंत्रण १९८० च्या दशकातच सैल होऊ लागलं होतं.

खरा पुरावा उसाचा, आणि तो उलट बाजूचा आहे. परवाना कायम ठेवलेल्या अठरा उद्योगांच्या यादीत साखर होती. म्हणजे देश मोकळा झाल्याचं आपण सांगतो, पण कऱ्हाड, वाळवा, मिरज पट्ट्यातला मुख्य उद्योग त्या दिवशी मोकळा झालाच नाही. साखरेचा परवाना गेला तो ऑगस्ट १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात. तरीही दोन कारखान्यांत १५ किलोमीटर अंतराची अट राहिली, आणि महाराष्ट्राने पुढे ती २५ केली. लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी रेशनसाठी सरकारला स्वस्तात द्यायची साखर, २०१३ मध्ये संपली, ज्या समितीच्या शिफारशीवरून संपली तिचे अध्यक्ष सी. रंगराजन. तेच, अवमूल्यनवाले. हा धागा फारसं कुणी वापरत नाही. वापरा. ‘१९९१ ने सगळं बदललं’ म्हणणाऱ्या भाषणांच्या रांगेत ‘आपल्याकडे काय बदललं नाही’ हे सांगणारं भाषण वेगळं दिसतं.

वेळ उरला तर दोन वाक्यं अर्थकारणाबाहेरची. नवोदय विद्यालयं राव मनुष्यबळ विकास मंत्री असताना सुरू झाली. पलूसचं आणि खावलीचं नवोदय त्याच योजनेतलं. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावच्या पंचायतीला घटनेत जागा मिळाली, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. महिला आरक्षण मात्र महाराष्ट्रात त्याआधीच आलेलं होतं, ते रावांच्या खात्यावर टाकू नका.

काळी बाजू

शंभर शब्द, आणि त्यात एकच गोष्ट : ६ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पडत असताना पंतप्रधान राव होते, केंद्राने वेळेत हस्तक्षेप केला नाही, हा आरोप त्यांच्यामागे शेवटपर्यंत राहिला. दोन सरळ वाक्यांत सांगा, वकिली करू नका. नोव्हेंबर १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या वेळी ते गृहमंत्री होते, १९९३ चा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ ने फेटाळला गेला आणि त्यातून ठराव पाडायला खासदारांना लाच दिल्याचं प्रकरण निघालं, त्यात रावांना २००० मध्ये शिक्षा, २००२ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका. हे सगळं ठाऊक असावं, बोलायचं विचारलं तरच. या भागाची जागा शेवटून दुसरी. अगदी शेवटी टाकलात तर सभागृह जड मनाने गप्प होतं, आणि गाळलात तर पहिला प्रश्न तोच येतो.

शेवट आणि सराव

मोठ्या भावाच्या, सिनियरच्या वहीतून उतरलेली भाषणं ‘रावांना भारतरत्न द्या’ या मागणीवर संपतात. ते २०२४ मध्ये मरणोत्तर देऊन झालं. दुसरा ठरलेला शेवट डिसेंबर २००४ चा : पार्थिव पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकाबाहेर थांबलं, आत गेलं नाही, अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. खरं आहे, पण प्रत्येक जण तेच सांगतो. त्याऐवजी साखरेच्या धाग्यावर थांबा, पन्नास शब्दांत.

सरावाला दहा दिवस धरा. पहिले चार वाचन आणि लेखन. मूळ अर्थसंकल्पी भाषण अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, तेच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारी टिपणं नकोत. पुढचे चार दिवस उभं राहून, मोबाइलवर रेकॉर्ड करत. पाठांतर वाक्यांचं नको, सांध्यांचं करा : संकटाकडून जुलैकडे आणि जुलैकडून साखरेकडे नेणारी वाक्यं जिभेवर हवीत, बाकी सुटलं तरी सावरता येतं. पोस्टकार्डाएवढ्या पाच कार्डांवर नुसत्या तारखा लिहा. शेवटचे दोन दिवस घड्याळ लावून. सहा मिनिटं पन्नास सेकंदांत संपलं तर ठीक, साडेसातला गेलं तर खताचा परिच्छेद अर्धा करा, साखरेला हात लावू नका.

प्रश्नोत्तरात दोन प्रश्न हमखास येतात. ‘राजीव गांधींनी आधीच सुरुवात केली नव्हती का?’ उत्तर : केली होती, १९८५ पासून परवाने सैल झाले, पण सैल करणं आणि रद्द करणं यांत अठरा उद्योगांच्या यादीएवढा फरक आहे. ‘संकटच होतं, दुसरा कुणीही हेच करता, नाही का?’ इथे वाद घालू नका. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी होत्या हे मान्य करा, आणि नेहरूंच्या गौरवाने सुरू होणारं ते निवेदन पुन्हा एकदा समोर ठेवा. तीस सेकंदांत बसा.