बोलका चित्रकोश बनवताय? या चुका टाळा

चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो असं लहान मुलांचं ॲप बनवून बरेच जण मला बघायला पाठवतात. मी सगळ्यात आधी जांभूळ उघडते. आवाज माणसाचा की मशीनचा ते तिथेच कळतं.

मशीनचा आवाज ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलीये. पहिल्या वेळी घाई होती म्हणून हिंदी आवाजाच्या मशीनकडून सगळे शब्द वाचून घेतले आणि एका बालवाडीत टॅब दिला. आठवड्याने गेले तर एक चार वर्षांची मुलगी जेवताना "च्यमचा" मागत होती, आणि तिची आजी मला विचारते, बाई, आमच्या घरात असं कोण बोलतं हो? फार वाईट वाटलं. आपण लिहितो एकच च, पण चाकातला वेगळा आणि चंद्रातला वेगळा, 'आपलं जग' मधला ज वेगळा आणि 'जगणं' मधला वेगळा, हे लिपीत दिसतच नाही तर मशीनला कुठून कळणार. वर ळ चा ल झाला की बाळाचं बाल होतं. मराठी आवाज निवडला तरी च-ज चा घोळ होऊ शकतो, म्हणून प्रत्येक शब्द कानाने ऐकायचाच. मी तर सरळ सगळे शब्द पुन्हा माणसांकडून म्हणून घेतले, त्यात ती आजीपण होती. आणि नुसतं 'चमचा' नाही, 'तो चमचा', 'ती चूल', 'ते जांभूळ' असं. लिंग शब्दाबरोबरच कानात बसतं, नंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

रेकॉर्डिंगनंतर खरखर काढायला लोक एक बटण दाबतात आणि हत्तीचा "अत्ती" होतो, कारण सुरुवातीचा ह इतका हलका असतो की सॉफ्टवेअर त्यालाही खरखरच समजतं. मी पंखा बंद करून, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून बोलणाऱ्याला त्याच्यासमोर बसवते, म्हणजे नंतर साफ करायला फारसं उरत नाही. कापतानाही शब्दाच्या आधी थोडी शांतता ठेवते.

सर्चमध्ये ॲम्ब्युलन्स सापडत नाही? ॲ दोन प्रकारे टाईप होतो, एक अख्खं अक्षर (युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला कोड नंबर देणाऱ्या यादीत, 2008 ला आलं) आणि दुसरं अ वर चंद्र देऊन. दिसतात सारखे, कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) चालवूनही जुळत नाहीत. सेव्ह करतानाच सगळे एका प्रकारात बदलून घ्या.

अक्षरांच्या पानावर ळ हा ल च्या शेजारी आला असेल तर तुम्ही कोड नंबरने सॉर्ट केलंय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, क्रम हाताने द्या.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर ॲपच्या किंवा पानाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी टाका, आणि तो फॉन्ट मराठी वळण देतो का तेही बघा.

चित्रं आयती उचलू नका. चुलीच्या जागी गॅसची शेगडी दाखवली तर मूल "शेगडी"च म्हणणार, आणि ते बरोबरच आहे.

वेब पानावर उघडल्या उघडल्या आवाज येत नाही म्हणून घाबरू नका, ब्राउझर पहिला स्पर्श होईपर्यंत आवाज अडवतात. सुरुवातीला एक मोठं चित्र ठेवा, त्यावर बोट पडलं की पुढचं सुरू.

आणि मुलं एकदा दाबून थांबत नाहीत, दहा वेळा दाबतात, मग दहा हत्ती एकमेकांवर ओरडतात. नवीन बोट पडलं की आधीचा आवाज तिथल्या तिथे थांबला पाहिजे. यावर काहीजण बटणच दोन सेकंद बंद ठेवतात, ते अजिबात करू नका, मुलाला वाटतं बिघडलं आणि ते टॅब सोडून उठून जातं.