कोरोनाच्या वर्षात गावात शेतीची मदत कुणाला मिळाली, याची यादी अशी काढा

२०२० मध्ये शेतकऱ्यांच्या खात्यावर दोन वेगवेगळे पैसे आले. टाळेबंदी लागल्यावर एप्रिलमध्ये केंद्राच्या पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता आला. ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनंतर राज्याने मदत जाहीर केली, जिरायत-बागायत पिकांना हेक्टरी १०,००० आणि फळबागांना २५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. दोन्हींचं दप्तर वेगळं, म्हणून माहिती अधिकाराचे अर्जही दोन करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकत्र कोंबलेला अर्ज तिथंच अडतो.

पीएम-किसानची यादी आधी संकेतस्थळावर पाहा. ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये ‘बेनिफिशियरी लिस्ट’ उघडून राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक, गाव निवडा. तालुका मुख्यालयाच्या नावाने सापडत नाही. विट्याकडचं गाव खानापूरमध्ये, वडूजकडचं खटावमध्ये, दहिवडीकडचं माणमध्ये शोधा. यादीत नाव आहे म्हणजे २०२० चा हप्ता मिळालाच, असं मात्र धरू नका. त्यासाठी अर्जच करावा लागतो.

अतिवृष्टीच्या मदतीसाठी तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना) मध्ये अर्ज द्या, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. मजकूर एवढाच पुरे:

‘मौजे (गाव), ता. (तालुका) येथील ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची यादी (गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र) आणि मदत वाटपाची यादी (नाव, क्षेत्र, रक्कम, जमा दिनांक) यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

‘बोगस लाभार्थ्यांवर कारवाई का झाली नाही?’ असा सवाल लिहू नका. ‘का’ला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, कागद द्यायला आहे. आधार आणि बँक खाते क्रमांकही मागू नका. तेवढ्यावर बोट ठेवून आख्खा अर्ज वैयक्तिक माहितीच्या नावाखाली, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) दाखवून फेटाळतात. तसं झालंच तर अपिलात कलम ४(१)(ख) मधली बारावी बाब लिहा. अनुदान कार्यक्रमांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागताही जाहीर करायचा असतो. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) ही सोबत मांडा.

पीएम-किसानचं काम तेव्हा महसूलकडं होतं, आता कृषी खात्याकडं आहे. ‘आमच्याकडं नाही’ म्हणून अर्ज परत देऊ लागले तर घेऊ नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवणं त्यांचंच काम आहे. पोच मात्र शिक्क्यासह घ्या, पुढची सगळी मुदत तिच्यावर मोजली जाते.

प्रतीला पानामागं २ रुपये पडतात. यादी मोठी असेल तर आधी दप्तर पाहून घ्या. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला देण्याचं शासनाचं परिपत्रक २०१८ मध्ये निघालं होतं.

प्रती हातात आल्या की पंचनाम्यांची आणि मदत वाटपाची यादी शेजारी ठेवून गटवार पडताळा. खरी चूक इथं सापडते. ४० आर द्राक्षबागेला १०,००० रुपये बसतात. पंचनाम्यात तोच गट ऊस म्हणून लिहिला असेल तर ४,०००. नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी दाखवलं तर नावच गळतं. उलट बाजूनं, सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा जास्त बाधित क्षेत्र लिहिलेल्या नोंदींवर खूण करा आणि त्या गटाचा मूळ पंचनामा नव्या अर्जात मागा. त्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघांच्या सह्या आहेत का, ते बघा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथंही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील. साताऱ्याचं आणि सांगलीचं, दोन्हीकडचं तिथंच चालतं.